तेरा आम्नाय आणि एक पोथी : रिद्धपूरच्या परंपरेचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायला बसणाऱ्याच्या हाताशी सहसा नोंदणी क्रमांक असतो, पहिल्या कार्यकारी मंडळाची नावे असतात, भूमिपूजनाचा फोटो असतो. रिद्धपूरच्या परंपरेला यातले काही नाही. साडेसातशे वर्षांपूर्वी या संस्थेकडे एक आचार्य होता, एक गाव होते आणि एक पोथी होती. पुढे आचार्य गेला, काळ धामधुमीचा आला आणि पोथी हरवली. महानुभाव पंथाचे तेरा आम्नाय, म्हणजे उपपंथ, झाले ते त्यानंतर. सभा-संमेलनांच्या प्रास्ताविकात ही सारी हकिगत 'पुढे पंथात तेरा आम्नाय निर्माण झाले' एवढ्या एका वाक्यात उरकली जाते आणि वक्ता थेट आजच्या वाटचालीवर येतो. फाटाफूट चारचौघांत सांगायची कशाला, हा संकोच त्यामागे असावा. या स्मरणिकेत मात्र त्याच वाक्यापाशी थांबायचे ठरवले आहे, कारण ही फूट लाजिरवाणी नव्हती आणि तिच्यामागचे कारणही क्षुल्लक नव्हते.

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर आज इतर वऱ्हाडी गावांसारखेच दिसते. आजूबाजूला संत्र्याचे मळे, कपाशी, तूर. जुन्या पोथ्यांत त्याला ऋद्धिपूर म्हणतात. इथून जवळच्या काटसूर गावी गोविंदप्रभूंचा, म्हणजे गुंडम राऊळांचा, जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले आणि नातलगांनी त्यांना रिद्धपूरला आणून वाढवले. त्यांचे वागणे लोकांच्या चौकटीत बसणारे नव्हते. कुणाच्याही घरात शिरावे, समोर दिसेल ते खावे, पोरांत खेळावे, रागवावे, हसावे. शिवाशिवीचा विधिनिषेध तर नावालाही नाही. गावातले काही जण त्यांना वेडा म्हणत आणि काही जण ईश्वर. बहुतेकांना ते दोन्ही वाटत असावेत, असे त्यांचे चरित्र वाचताना जाणवते. पंथाच्या पंचकृष्णांत, म्हणजे पाच अवतारांत, श्रीकृष्ण, दत्तात्रेय आणि चक्रपाणी यांच्यानंतर त्यांचे स्थान आहे, आणि पाचवे चक्रधर.

चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतल्या भडोचचे. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले आणि वाटेत रिद्धपुरी गोविंदप्रभूंना भेटले. तिथे त्यांना शक्तिस्वीकार, म्हणजे दैवी शक्तीचा लाभ, झाला, असे पंथ मानतो. मग सालबर्डीच्या डोंगरातले तप, त्यानंतर वर्षानुवर्षे एकट्याने केलेले भ्रमण, लोणार, मेहकर, अचलपूर, गोदाकाठ, आणि शेवटी पैठणच्या काळात भोवती जमलेला शिष्यपरिवार. त्यात नागदेव होते, बाइसा होत्या, महदाइसा होत्या, पुढे म्हाइंभट आले. बायकांची संख्या मोठी होती आणि त्यांना मार्गात पुरुषांइतकाच अधिकार होता, ही त्या काळी कुणाच्याही डोळ्यांवर येणारी गोष्ट होती.

त्यांची शिकवण थोडक्यात सांगणे कठीण आहे, पण फुटीचे मूळ तिच्यातच असल्याने टाळताही येत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. देवता पुष्कळ; पंथाच्या हिशेबाने एक्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा. त्या आपापल्या परीने फळ देतात, पण मोक्ष देऊ शकत नाहीत. तो अधिकार एकट्या परमेश्वराचा, आणि परमेश्वर जीवांसाठी माणसाच्या रूपात अवतरतो. म्हणून त्याचे सन्निधान, म्हणजे प्रत्यक्ष सहवास, ही सर्वांत मोठी गोष्ट. तो समोर असताना शंका आली तर विचारायचे, तो सांगतो. तिथे आम्नायाचा प्रश्नच नाही.

इसवी सन १२७४ च्या सुमारास चक्रधर शिष्यांना सोडून उत्तरेकडे निघून गेले. पंथाच्या भाषेत ते उत्तरापंथे गेले. तेव्हापासून या मार्गातल्या प्रत्येक माणसापुढे एकच प्रश्न आहे : देव समोर नसताना देवाचा धर्म पाळायचा कसा? असन्निधानातल्या साधकासाठी मग चार गोष्टी आधाराच्या ठरल्या : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. म्हणजे अवताराचे पाय लागलेली जागा, त्याचा स्पर्श झालेली वस्तू, मार्गात गेलेला संन्यासी आणि घरी राहून मार्ग पाळणारा गृहस्थ. या चारांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे स्मरण. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण. इथे अवताराने काय केले, कुठे केले, कुणाला काय म्हटले, याची आठवण ही भाविकाची हौस उरत नाही, तो मोक्षाचा मार्ग होतो. आठवण चुकली तर साधनच चुकले.

चक्रधर गेल्यावर नागदेवांसह बरेच शिष्य रिद्धपुरी आले आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. हा काळ चौदा-एक वर्षांचा. माझ्या मते पंथाचा सगळ्यांत समृद्ध काळ हाच. इथेच गोविंदप्रभूंनी आपले लग्न लावून द्या म्हणून हट्ट धरला, भक्तांनी तो पुरवला, आणि महदाइसेने त्या सोहळ्यात धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायिले. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री तिथे उभी राहिली. इथेच म्हाइंभटांनी लीळा गोळा करण्याचा उद्योग आरंभला. चक्रधरांचा सहवास ज्यांना लाभला होता त्या माणसांकडे जायचे, प्रत्येकाने प्रत्यक्ष काय पाहिले, काय ऐकले ते विचारायचे, आणि मग नागदेवांपुढे ठेवून पडताळायचे. रिद्धपूरच्या वाजेश्वरी या स्थानी बसून, १२७८ च्या सुमारास, लीळाचरित्राला आकार आला. हे मराठीतले पहिले चरित्र, आणि त्याची कामाची पद्धत पाहिली तर पहिले संशोधनही. ऐकीव गोष्टीला तिथे सहजासहजी जागा नव्हती.

गोविंदप्रभू गेल्यावर पंथाची सूत्रे नागदेवांकडे, म्हणजे भटोबासांकडे, आली. मतभेद त्यांच्या काळातही होते, पण ते त्यांच्या शब्दाने मिटत. वाद फूट न पडता मिटल्याची दोन उदाहरणे पंथात सगळ्यांना ठाऊक आहेत. केशिराजबास, ज्यांना केसोबासही म्हणतात, हे संस्कृताचे मोठे पंडित. चक्रधरांच्या वचनांतून सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ वेचून काढला तो त्यांनीच. त्यांना संस्कृतात रचना करावीशी वाटे. नागदेवांनी त्यांना थांबवले आणि कारण दिले ते असे, की त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील. हा निर्णय केवळ भाषेचा नव्हता. ज्ञान कुणाच्या हाती असावे, याचा होता, आणि म्हणूनच मी त्याला सिद्धांताचा निर्णय म्हणेन.

दुसरे उदाहरण भास्करभट्ट बोरीकरांचे. त्यांचे शिशुपाळवध काव्य म्हणून अप्रतिम; पण निवृत्तीच्या मार्गाला लागलेल्या माणसाला इतका शृंगार कशाला, असा आक्षेप गुरुबंधूंकडून आला. भास्करभट्टांनी तो मनावर घेतला आणि उद्धवगीता रचली. वाद झाला, पण कुणी बाहेर पडले नाही. उलट पुढे कवीश्वरबास म्हणून तेच पंथाच्या प्रमुखपदी आले आणि तेरांपैकी सर्वांत मोठ्या आम्नायाला त्यांचेच नाव लागले.

नागदेव चौदाव्या शतकाच्या आरंभी गेले. त्यांच्यामागून बाइदेवबास आणि मग कवीश्वरबास यांनी पंथ सांभाळला. पण बाहेरचे जग बदलले होते. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर येऊन गेला होता. मलिक काफूरच्या स्वाऱ्या १३०७ पासून सुरू झाल्या, आणि १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले. त्या पळापळीत लीळाचरित्राची पोथी हरवली, असे परंपरा सांगते. फिरत्या भिक्षूंच्या झोळीत, घाईने बांधलेल्या बासनात, एका प्रतीचे आयुष्य ते किती असणार.

पोथी गेली, पण ती पाठ असणारी माणसे होती. हिराइसा नावाच्या साध्वीला ती मुखोद्गत होती. परशुरामबासांचा पाठ होता, रामेश्वरबासांचा होता. ज्याला जसे आठवले तसे त्याने सांगितले, आणि सांगितलेले पुन्हा लिहून काढले गेले. चांगल्या स्मरणशक्तीच्या दोन माणसांनी एकच प्रसंग सांगितला तरी तो तंतोतंत जुळत नाही, हे आपण घरातल्या लग्नाच्या गोष्टीतही पाहतो. इथे तर प्रत्येक शब्दावर मोक्ष अवलंबून.

तेराच्या तेरा आम्नायांत जी शहाणीव दिसते ती या जागी. लीळाचरित्राची हस्तलिखिते उघडून पाहिली तर लीळा सांगून झाल्यावर खाली हिराइसेचा पाठ वेगळा दिलेला सापडतो, कुठे रामेश्वरबासांचा, कुठे परशुरामबासांचा. याला पंथात वासना म्हणतात. एखाद्या ठिकाणी गावाचे नाव निराळे असते, कुठे बोलणारा माणूस निराळा, कुठे एका वाक्याची भर. लेखकाने त्यांतला एक खरा मानून दुसरा खोडून टाकलेला नाही. दोन्ही नावानिशी ठेवले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला कळावे की ही आठवण अमक्याची आणि ती तमक्याची. आज आपण पाठभेद म्हणून तळटीपेत टाकतो ते या भिक्षूंनी मजकुराच्या अंगावरच लिहून ठेवले. एका बाईची आठवण पुरुष आचार्यांच्या आठवणीशेजारी, त्याच मानाने, हेही लक्षात घेण्यासारखे.

मग आम्नाय झाले कशावरून? मूळ चार पदार्थांवर कुणाचे दुमत नव्हते. पंचकृष्णांवर नव्हते, सूत्रपाठ प्रमाण मानण्यावर नव्हते. घोडे अडले ते अर्थ लावण्यापाशी. सूत्र म्हणजे चक्रधरांच्या तोंडचे एखादे वाक्य, बऱ्याचदा चार-पाच शब्दांचे. ते कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले हे कळल्याशिवाय ते सर्वांना लागू आहे की त्या एकट्या माणसाला, हे ठरत नाही. त्यासाठी प्रत्येक सूत्रामागचा प्रसंग सांगणारे प्रकरणवश रचले गेले. दृष्टांतांवर आणि सूत्रांवर लापिका, म्हणजे स्पष्टीकरणे, आल्या. पुढच्या शतकांत लक्षण, विचार आणि आचार या तीन अंगांनी भाष्यांचे मोठे रान माजले. प्रत्येक गुरूकडे त्याच्या गुरूकडून आलेला प्रसंग होता, आणि दोन गुरूंकडचे प्रसंग निराळे असले की एकाच सूत्रातून दोन आचार निघत.

एक उदाहरण घेऊ. चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रातच राहायला सांगितले होते. कानडी आणि तेलंग देशांत जाऊ नये, तिथे विषयांचे प्राबल्य आहे आणि तपस्व्याला मान मिळतो, असा त्यांचा इशारा होता. मान मिळणे हा साधकाला धोका, हा त्यामागचा विचार मला आजही चकित करतो. पण सोळाव्या-सतराव्या शतकांत याच पंथाचे भिक्षू पंजाबात गेले, पेशावर आणि काबूलपर्यंत मठ झाले, आणि तिकडे पंथाला जयकृष्णी म्हणू लागले. नेमलेली सीमा ओलांडायची तर आधी तिचा अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावणे ही आम्नायाची कामगिरी.

दुसरे उदाहरण राहण्याचे. चक्रधरांची आज्ञा नित्य अटनाची : एका ठिकाणी रुजू नये, झाडाखाली राहावे, भिक्षेवर जगावे, ओळख वाढू देऊ नये. पण अवताराच्या स्थानांची काळजी कुणीतरी घ्यायला हवी, प्रसादवस्तू सांभाळायला हव्यात, पोथ्या नकलून ठेवायला हव्यात. कुठे चक्रधर बसले, कुठे झोपले, कुठे जेवले, याची नोंद चौदाव्या शतकात मुनि व्यासांनी स्थानपोथीत दिशा-अंतरांसह केली. त्या प्रत्येक जागी पुढे ओटा आला, ओट्याभोवती मंदिर आले, मंदिराला मठ आला आणि मठाला महंत. झाडाखालच्या धर्माचे हे असे गादीत रूपांतर होणे काही महानुभावांपुरते नाही. पण इथे ते मूळ आज्ञेच्या सरळ विरोधात जाणारे होते, आणि प्रत्येक परंपरेने त्याची संगती आपापल्या परीने लावली.

तेरा आम्नायांत कवीश्वर, उपाध्ये, यक्षदेव, पारमांडल्य ही नावे आज ऐकू येतात. बाकीची जुन्या अन्वयस्थळांत आहेत. या अन्वयस्थळांतून कोण कुणाचा शिष्य, कुणी कुणाकडून उपदेश घेतला, याच्या साखळ्या सांभाळल्या जातात, आणि एका दृष्टीने आम्नायाचा खरा पाया हाच : आपल्यापर्यंत शब्द कुणामार्फत आला. लंडनचे अभ्यासक रेसाइड यांनी १९७६ मध्ये पंथावर लिहिताना नोंदवले, की आज दोनच आम्नाय खऱ्या अर्थाने शिल्लक आहेत, कवीश्वर आणि उपाध्ये, आणि त्यांच्यातला फरक बाहेरच्याला फारसा जाणवत नाही. आतल्यालाही किती जाणवतो, हा प्रश्नच आहे. बहुतेक वासनिक आपण कोणत्या कुळाचे हे सांगतात ते आपल्या गुरूच्या नावाने. सिद्धांताचा मुद्दा त्यांच्या तोंडी येत नाही. भेटल्यावर दोन्हीकडचे 'दंडवत प्रणाम' असेच म्हणतात.

फुटीच्या त्या काळातच पोथ्यांना सांकेतिक लिप्यांचे कुलूप लागले. नागरीतली अक्षरे एकमेकांच्या जागी बसवून तयार केलेली सकळ लिपी ही त्यातली मुख्य. तिचे श्रेय परंपरा रवळोबासांना देते. तिच्या जोडीला सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा, श्री अशा लिप्या होत्या; पारमांडल्य नावाची लिपी तर एका आम्नायाचेच नाव मिरवते. पोथी परक्याच्या हाती पडली तरी त्याला वाचता येऊ नये, हा हेतू. चौदाव्या शतकातल्या माणसाला ते शहाणपणाचे वाटले असणार. पण ज्या पंथाच्या आचार्याने म्हाताऱ्या बायांना कळावे म्हणून संस्कृत नाकारले, त्याच पंथाने मराठी अशी लिहिली की शेजारच्या मराठी माणसाला ती वाचता येऊ नये, ही विसंगती कुणी लपवू नये. तेरा आम्नायांच्या भांडणांपेक्षा या कुलपाने पंथाचे नुकसान जास्त केले, असे मला वाटते.

कारण आत काय आहे ते दिसले नाही, की लोक वाटेल ते रचतात. काळे कपडे घालून हिंडणारे, देवळांतल्या देवांना न मानणारे, बायकांना संन्यास देणारे हे लोक. त्यांच्याविषयी 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' अशी म्हण झाली आणि ती मराठीत रुळली. १७८२ मध्ये पेशव्यांच्या दरबारातून मानभावांना, म्हणजे महानुभावांना, निंद्य ठरवणारा हुकूम निघाला. पंथाचा संस्थापक कुणी कृष्णभट नावाचा लबाड माणूस, अशी कहाणी इंग्रजांच्या काळात सरकारी नोंदींत शिरली. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांताच्या जातीजमातींवर ग्रंथ काढला तोवर रिद्धपूरचे महत्त्व सरकारी ग्रंथांत पोचले होते, पण पंथाचा स्वतःचा शब्द अजून पोथीतच बंद होता.

कुलूप उघडले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी सकळ लिपीची किल्ली पंथाबाहेर आली, आणि ज्ञानेश्वरीच्या आधीची मराठी गद्याची एक सबंध दुनिया अचानक समोर उभी राहिली. पुढचे बरेचसे काम वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसांनी केले. यवतमाळच्या यशवंत खुशाल देशपांड्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ चे. ह. ना. नेने यांनी १९३६ पासून नागपुरात लीळाचरित्राचे भाग छापायला घेतले. आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलच्या वि. भि. कोलत्यांनी तर सारे आयुष्यच यात घातले. भास्करभट्टांवरचा ग्रंथ, महानुभावांचे तत्त्वज्ञान, त्यांचा आचारधर्म, स्थानपोथी, आणि शेवटी १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे सबंध लीळाचरित्र.

पोथ्या छापाव्यात की नाही, यावर पंथात जे वाद झाले ते जुन्या आम्नायांच्या रेषेवरून गेले नाहीत. परक्याला पोथी दाखवणेही पाप मानणारे महंत होते, आणि अभ्यासकाला मठात ठेवून घेऊन शब्दन् शब्द समजावून देणारेही होते. एकाच कुळात दोन्ही प्रकार. कोलत्यांनी चक्रधरांच्या अखेरीविषयी मांडलेले मत पंथाला मान्य होणे शक्य नव्हते. स्वामी उत्तरापंथे गेले, ही श्रद्धा आहे आणि सिद्धांतही. त्यांचा घात झाला असे म्हणणे म्हणजे असन्निधानाच्या कल्पनेलाच हात घालणे. त्या आवृत्तीवर पंथातून कडाडून आक्षेप आले, आणि विशेष म्हणजे इथे सगळे आम्नाय एका बाजूला होते. अभ्यासकाच्या बाजूने आणि श्रद्धावंताच्या बाजूने दोन्हीकडे मला मान्य असलेले मुद्दे आहेत. पण जी पोथी तीन जणांच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवते, तिच्या अभ्यासात चौथे मतही नावानिशी नोंदवून ठेवायला हरकत नसावी.

फूट कोर्टात गेली की काय होते, याचे जवळचेच एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर आज वाशीम जिल्ह्यात असले तरी १९९८ पर्यंत अकोल्यातच मोडत होते. तिथे दिगंबर आणि श्वेतांबर जैनांच्यात एकाच मूर्तीच्या स्वरूपावरून वाद झाला. लेप कसा असावा, मूर्तीवर कोणती खूण असावी, पूजा कुणी कधी करावी. प्रकरण १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९८१ पासून गर्भगृहाला कुलूप होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ मध्ये उघडले. मूर्ती एकच असल्याने ती दोघांना वाटून घेता येत नव्हती. रिद्धपूरकडे वाटणीला आले ते शब्द होते, आणि शब्द तेरा जणांना पुरतात. महानुभावांची फूट कोर्टकचेरीच्या मार्गाने गेली नाही याचे सगळे श्रेय त्यांच्या सहिष्णुतेला देण्याआधी हा फरक ध्यानात घ्यायला हवा. जिथे जिथे हाती वस्तू होती, जागा होती, गादी होती, तिथे महंतामहंतांतही कुरबुरी झाल्याच आहेत.

वऱ्हाडाचा या साहित्यातला वाटा मात्र आम्नायांच्या वाटणीत कधी नीट मोजला गेला नाही. पंथाच्या मान्य साती ग्रंथांतला, म्हणजे सात काव्यांतला, ज्ञानप्रबोध अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरच्या विश्वनाथ पंडितांचा. ऋद्धिपूरवर्णन नारायणबास बहाळियांचे. एक ग्रंथ वैराग्याचा आणि ज्ञानाचा, दुसरा एका गावाच्या प्रेमाचा. दोन्ही सातांत शेजारी बसतात आणि सातही ग्रंथ सगळ्या आम्नायांना सारखेच मान्य आहेत. भाष्यांवरून ज्यांचे पटत नव्हते त्यांचे कवितेवरून पटत होते.

आज रिद्धपुरात गेले तर राजमठ आहे, गोविंदप्रभूंची समाधी आहे, वाजेश्वरी आहे, निरनिराळ्या परंपरांचे मठ आहेत. यात्रेकरू एका स्थानाहून दुसऱ्या स्थानाकडे जाताना हा ओटा कुणाच्या कुळाचा असे विचारत नाही. तो पादत्राणे काढतो, ओट्यावर डोके टेकतो, आणि स्थानाची लीळा ज्याला येत असेल त्याने ती सांगावी म्हणून बाजूला सरकून बसतो. सांगणारी बहुतेक वेळा एखादी वयस्क तपस्विनी असते. तिच्याकडे ज्या वासनेची लीळा आली असेल तीच ती सांगते.

अॅन फेल्डहाउस यांनी १९८३ मध्ये सूत्रपाठ आणि १९८४ मध्ये गोविंदप्रभूंचे चरित्र इंग्रजीत नेले, पुढे शं. गो. तुळपुळ्यांच्या साथीने स्मृतिस्थळ हा ग्रंथही नेला. राज्य शासनाने २०२३ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला देण्याची घोषणा केली आणि पंथाची जुनी मागणी मार्गी लागली. या विद्यापीठापुढे कामांची यादी मोठी असेल. त्यातले एक काम आम्नायांच्या इतिहासाशी थेट जोडलेले आहे. मठामठांत आणि घराघरांत बासनांत बांधलेल्या पोथ्या एकत्र न आणता, जिथे आहेत तिथेच, कोणत्या परंपरेच्या आहेत हे नोंदवून त्यांची सूची करायची. एकाच लीळेच्या कवीश्वर आणि उपाध्ये या दोन्ही परंपरांतल्या प्रती समोरासमोर ठेवून वाचायच्या, आणि ज्या आम्नायांची आता नावेच उरली आहेत त्यांचा एखादा वेगळा पाठ कुठे समासात शिल्लक आहे का ते पाहायचे. सकळ लिपी सहज वाचणारे महंत आणि तपस्विनी आज हयात आहेत. हे काम त्यांच्याशेजारी बसून करायचे आहे.